अंबुयांचं गाठोडं

फुंगायला या फेरीबद्दल तिळमात्र काळजी नव्हती. नऊ वर्षं तो परदेशी पाहुण्यांना ट्रकएवढ्या उंच गाडीत बसवून व्हिक्टोरिया फॉल्सहून बोट्स्वानात नेत होता, जनावरं दाखवत होता, आणि जितके नेले तितके मोजून परत आणत होता. एकदा सिंहानं गाडीच्या टायरला पाठ घासली, तेव्हाही त्याच्या हातातला चहा हिंदकळला नव्हता. त्यामुळं निघायच्या आदल्या दिवशी गाडी धुता धुता त्यानं मखोसीला छातीठोकपणे सांगितलं, "चारच दिवस. चौथ्या दिवशी माउनला पोचलो की अंबुया स्वतःच्या तोंडानं म्हणतील, मुकुवाशा, ने बाबा तुझी बायको घरी."

अंबुया म्हणजे त्याच्या सासूबाई आणि मुकुवाशा म्हणजे जावई, अर्थात तो स्वतः. मखोसी हा गाडीवरचा स्वयंपाकी. पन्नाशी उलटलेला, बुलावायोचा माणूस, तीन मुलींची लग्नं उरकून बसलेला. त्यानं कढईतला काळा थर खरवडता खरवडता वरही न बघता सांगितलं की, त्या तोंडानं काहीतरी म्हणतील एवढं नक्की.

गोष्ट अशी होती. फुंगायची बायको शुवाय पहिल्या बाळंतपणाला गोक्वेला माहेरी गेली. ते रीतीप्रमाणंच झालं. मुलगी झाली, तीही आजीच्या मांडीवर. पण पोर सात महिन्यांची झाली, बसायला लागली, तरी अंबुया मायलेकींना पाठवायचं नाव काढीनात. आधी म्हणाल्या थंडी आहे. मग म्हणाल्या दात येतायत. खरं कारण शुवायनं एकदा फोनवर दबक्या आवाजात सांगितलं: "आई म्हणते, तो माणूस जनावरांत हिंडतो. एखाद दिवशी नुसती टोपी परत येईल. टोपीबरोबर संसार कसा करायचा?"

फुंगायनं दोन खोल्यांचं घर बांधलं होतं, पत्र्याला हिरवा रंग दिला होता. त्या घरात तो सात महिने एकटा बसून पत्र्याकडं बघत होता. इतक्यात धाकटी मेहुणी रुंबी, जी फेरीच्या शेवटच्या मुक्कामी, बोट्स्वानातल्या माउनला राहायची, तिला दिवस गेले आणि अंबुयांनी लेकीला भेटायला जायचं ठरवलं. फुंगायला वाटलं, ही तर देवानंच धाडलेली संधी. मालकाला विचारून त्यानं गाडीतली एक रिकामी जागा मिळवली. अंबुयांना आपलं काम बघू दे. सगळं कसं शिस्तीत चालतं, जनावर कसं तिकडं आणि आपण कसे इकडं, हे एकदा डोळ्यांनी पाहिलं की टोपीचा विषयच संपला.

एक बारीक अडचण होती. फुंगायला मात्र ती अडचण वाटत नव्हती, कारण ती त्याच्या अंगवळणी पडली होती. जावयानं सासूच्या नजरेला नजर द्यायची नाही. हात मिळवायचा नाही. तिच्यासमोर जेवायचं नाही. तिच्या सामानाची चौकशी करायची नाही. काही बोलायचंच असेल तर चार हात लांब उकिडवं बसायचं, तळहात जुळवून हळूहळू टाळ्या वाजवायच्या, आणि त्यांनी "हं" म्हटलं की मातीकडं बघत बोलायचं. बोलणं नाजूक असेल तर मध्ये तिसरा माणूस घालायचा. गोक्वेला हे सगळं वर्षातून दोनदा करावं लागायचं. गाडीत ते दिवसातून चाळीसदा करावं लागेल, हा हिशेब त्याच्या डोक्यात आलाच नाही.

सकाळी सातला अंबुया कंपनीच्या फाटकाशी उभ्या होत्या. ठेंगणा, रुंद बांधा, डोक्याला निळं फडकं, आणि शेजारी एक गाठोडं. फुलाफुलांच्या चादरीत बांधलेलं ते गाठोडं एवढं होतं की एखादं वासरू दुमडून आत बसवलंय असं वाटावं. फुंगाय धावत गेला, चार हात अलीकडं थबकला, खाली बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

अकरा पाहुणे गाडीच्या खिडक्यांतून हे बघत होते. त्यांत हेंडरिका नावाच्या एक डच बाई होत्या. निवृत्त शिक्षिका. गळ्यात दोरीनं वही अडकवलेली, आणि नजर अशी की आत्ता हजेरी घेतील. बटाट्याची पेटी उचलून चाललेल्या मखोसीला त्यांनी अडवलं आणि विचारलं की, या बाई कोण? मखोसी म्हणाला, फार मोठ्या आहेत. काय करतात? गोक्वेला त्यांचं शेत आहे. तिथं हत्ती येतात. यांनी जा म्हटलं की जातात.

यातला एकेक शब्द खरा होता. मखोसीला फक्त बटाट्याची पेटी जड होत होती, म्हणून त्यानं "सासू" हा शब्द गाळला.

गाडी बोट्स्वानाच्या हद्दीशी आली. सीमेवर जनावरांचा रोग इकडचा तिकडं जाऊ नये म्हणून सगळ्यांचे बूट औषधाच्या पाण्यात बुडवतात आणि कुणाकडं कच्चं मांस आहे का ते बघतात. अधिकाऱ्यानं गाठोड्याकडं बोट करून फुंगायला विचारलं, यात काय आहे?

"माहीत नाही," फुंगाय म्हणाला.

"गाडी तुझी, आणि तुला माहीत नाही?"

"सासूबाईंचं आहे."

अधिकाऱ्यानं एकदा अंबुयांकडं पाहिलं. मग गाठोड्याला अगदी हलक्या हातानं, दारावर टकटक करावी तशी, काठी लावली, वाकून वास घेतला, आणि मांस नाही असं लिहून टाकलं. त्यालाही सासू असावी.

पलीकडं गाडी जेवणासाठी थांबली. अंबुया पायऱ्या उतरून खाली आल्या, आणि बघतात तर समोर हेंडरिका बाई उकिडव्या बसून टाळ्या वाजवतायत. त्यांच्या मागं उरलेले दहा पाहुणेही ओळीनं बसलेले. पुरुषांनी बायकांसारखे तळवे आडवे धरले होते, बायकांनी पुरुषांसारखे सरळ. एक टकले गृहस्थ तर नाटक संपल्यावर वाजवाव्यात तशा वाजवत होते. अंबुया जागच्या जागी उभ्या राहिल्या. मग त्यांनी मखोसीला बोलावून काहीतरी विचारलं. मखोसी फुंगायकडं आला.

"विचारतायत, या गोऱ्यांनाही तू जावई करून घेतलंस का?"

फुंगायनं मखोसीला परत पाठवलं. सांग म्हणाला, ही माणसं चांगल्या वळणाची आहेत, मोठ्यांचा मान ठेवतात. मखोसी जाऊन आला.

"काय म्हणाल्या?"

"हं म्हणाल्या."

"कसलं हं? बरं वाटलं असं हं, का राग आला असं हं?"

"हं कसलं असतं? हं म्हणजे हं."

फुंगाय गाडीच्या मागं गेला आणि चाकाआड बसून त्यानं आपलं जेवण उरकलं, कारण अंबुया समोर झाडाखाली जेवत होत्या. पाहुण्यांना हे दिसलं. संध्याकाळीही तो चाकाआड जेवला. दुसऱ्या दिवशी सकाळी तो चाकाआड पावाचा तुकडा मोडत होता, तेव्हा हेंडरिका बाई दबकत दबकत आल्या, त्याच्या खिशात बिस्किटांचा पुडा सरकवला, आणि डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या, "धीर धरा." धीर कशाचा, ते फुंगायला कळेना. त्यानं बिस्किटं मात्र खाल्ली.

त्याच सकाळी चोबेच्या रानात ते उघड्या जीपमधून फिरत होते. नदीकाठच्या वाळूत सिंह-सिंहिणीची जोडी दिसली, आणि ती नेमकी त्याच दिवसांत होती. फुंगायचं या विषयावरचं भाषण सगळ्या गाईड लोकांत नावाजलेलं. दर पंधरा-वीस मिनिटांनी, चार दिवस, सिंह जेवायलाही उठत नाही, वगैरे. पाहुणे हसून हसून लोळायचे. पण आज त्याच्या पाठीमागं, दीड हातावर, निळं फडकं बसलं होतं.

पाहुण्यांनी विचारलं, काय चाललंय?

"भेट," फुंगाय म्हणाला.

वीस मिनिटांनी परत विचारलं, आता काय चाललंय?

"निरोप घेतायत."

"आणि आता?"

"काहीतरी विसरलं असेल."

हेंडरिका बाईंनी वहीत काहीतरी लिहिलं, खोडलं, पुन्हा लिहिलं. फुंगायच्या मानेवरून घाम वाहत होता. नऊ वर्षांत पहिल्यांदाच त्यानं सिंहाकडं पाठ करून एका बगळ्याबद्दल अर्धा तास माहिती सांगितली. परत आल्यावर मखोसी त्याच्या कानाशी लागला.

"अंबुया म्हणतायत, मुकुवाशाला एवढंही ठाऊक नाही, मग माझी नात आली कुठून?"

हे खरंच अंबुया म्हणाल्या, का मखोसीनं आपल्या पदरचं घातलं, हे फुंगायला शेवटपर्यंत कळलं नाही. विचारणार कुणाला? मध्यस्थावर संशय घ्यायचा तर त्यासाठी दुसरा मध्यस्थ लागतो.

दुपारपासून गाडीत वास यायला लागला. आंबूस, गोडसर, दारूच्या भट्टीवरून वारा यावा तसा. पाहुणे नाकाला रुमाल लावून बसले. फुंगायनं गाडी थांबवून इंजिन पाहिलं, बर्फपेटी पाहिली, सगळ्यांचे बूट हुंगले. मखोसीचं तोंडही हुंगलं, आणि तिथं तोच वास निघाला! पण मखोसी शुद्धीवर होता आणि त्याचा एक गाल सुजला होता. दाढ दुखतेय, म्हणाला, औषधाचा वास आहे. मग फुंगायनं पाहुण्यांच्या पिशव्या उघडायला लावल्या. हेंडरिका बाईंच्या पिशवीत चीजचा एक मोठा गोल गड्डा निघाला, थेट त्यांच्या गावाहून आणलेला. फुंगायनं तो हुंगला, मान हलवली, आणि चोर सापडल्याच्या थाटात खिडकीबाहेर फेकून दिला. एका रानडुकरानं तो तोंडात धरला आणि शेपटी उभी करून पळ काढला. हेंडरिका बाई त्या दिशेनं बराच वेळ बघत राहिल्या.

वास होता तिथंच होता. गाडीत आता फक्त एकाच गोष्टीची तपासणी राहिली होती, आणि ती अंबुयांच्या पायाशी होती. तिच्याकडं माशा चालल्या होत्या, मुंग्यांची रांग चालली होती. फुंगायनं मुंग्यांकडं पाहिलं, गाठोड्याकडं पाहिलं, आणि गाडी सुरू केली.

संध्याकाळी मालकाचा फोन आला. मालकाचा आवाज एखाद्या अनोळखी गावात वाट चुकलेल्या माणसासारखा होता. त्याला दिवसभरात पाहुण्यांचे तीन निरोप मिळाले होते. पहिला: गाडीत हत्तींची राणी आहे. दुसरा: राणी चालकाला जेवू देत नाही. तिसरा: चालकानं चीज रानडुकराला दिलं.

"फुंगाय, गाडीत राणी कोण आहे?"

"राणी नाही साहेब. सासूबाई आहेत."

मालक म्हणाला, "बरं. म्हणजे निरोप अगदीच चुकीचे नाहीत."

तिसऱ्या दिवशी दुपारी ते नाटा गावाच्या अलीकडच्या एका छावणीत उतरले. मोपानीची झाडं, मध्ये पाणवठा, आणि त्या पाणवठ्यावर दिवसभर हत्तींचं येणं-जाणं. इथं फुंगाय नेहमी एकच गोष्ट तीनदा सांगायचा: फळ बाहेर ठेवायचं नाही. एक संत्रं जरी बाहेर राहिलं तरी हत्ती त्याच्यासाठी तंबू उलटा करतो. अकरा जणांना त्यानं सांगितलं. अंबुयांना मखोसीकरवी सांगितलं.

"सांगितलंस?"

"सांगितलं."

"काय म्हणाल्या?"

"हं."

चारच्या सुमारास पाहुणे खुर्च्या टाकून बसले होते. चाळीस पावलांवर अंबुया एका मोपानीला टेकून, पाय पसरून, वाळलेल्या शेंगा सोलत होत्या. त्यांच्या शेजारी मखोसीनं घासायला काढलेली पातेली पडली होती. झाडाच्या मागं, आतलं सामान इकडून दिसणार नाही अशा बेतानं, त्यांनी चादर उन्हात पसरली होती, एवढं फुंगायला दिसलं. बाळाचे कपडे असतील, असं त्याला वाटलं, आणि त्यात सासूबाईंचे कपडेही असतील या भीतीनं त्यानं मान दुसरीकडं वळवली.

मान परत वळवली तेव्हा अंबुयांच्या डोक्यावर, फांद्यांच्या मधून, एक हत्ती उभा होता.

एकटा नर. एक सुळा तुटलेला. हत्ती चालताना आवाज करत नाही, हे फुंगायनं हजारदा पाहुण्यांना सांगितलं होतं, आणि ते खरं निघाल्याचं त्याला आज मुळीच बरं वाटलं नाही. काय करायचं ते त्याला पाठ होतं. ओरडायचं नाही, पळायचं नाही. खालच्या आवाजात, ठामपणे हुकूम द्यायचा: हलू नका. मी सांगतो तेव्हा हळूच उठा. पण हुकूम द्यायचा कुणाला? अंबुयांना? त्याच्या घराण्यात आजवर एकाही पुरुषानं सासूला "हलू नका" म्हटलेलं नव्हतं. त्यानं मध्यस्थाला शोधलं. मध्यस्थ गाडीच्या टपावर होता. त्याला हत्ती सगळ्यांच्या आधी दिसला होता, आणि मध्यस्थानं अशा वेळी टपावरच असावं, असं त्याचं ठाम मत झालं होतं.

फुंगायचं डोकं बंद पडलं. पण पायांना काय करायचं ते माहीत होतं. ते आपोआप दुमडले. तो उकिडवा बसला आणि टाळ्या वाजवू लागला.

"सुरू झालं," हेंडरिका बाई पुटपुटल्या. तीन दिवस त्या याचीच वाट बघत होत्या. अकराच्या अकरा जण खुर्च्यांवरून उतरले, फुंगायच्या मागं अर्धगोल करून बसले, आणि सगळी छावणी संथ टाळ्यांनी भरून गेली.

हत्ती थबकला. त्याच्या आयुष्यात माणसं त्याला बघून किंचाळली होती, पळाली होती, त्यांनी फोटो काढले होते. टाळ्या कुणी वाजवल्या नव्हत्या. त्यानं कान पसरले, मान तिरकी केली, आणि आपण नेमकं काय केलं असावं याचा विचार करत उभा राहिला.

अंबुयांनी शेंगा सोलता सोलता वर पाहिलं. समोर जावई टाळ्या वाजवतोय. त्यात नवीन ते काय?

"हं," त्या म्हणाल्या.

बोलायची परवानगी मिळाली. फुंगायनं मातीकडं बघत, जमेल तितक्या अदबीनं सांगितलं, "अंबुया, आपल्या मागं एक पाहुणे आलेत."

"मग बसायला सांग," अंबुया म्हणाल्या, आणि पुढची शेंग घेतली.

त्याच क्षणी मागं फुरफुर आवाज झाला. हत्तीची सोंड चादरीवर उतरली होती. अंबुया वळल्या. चादरीवर कपडे नव्हते. चादरीवर बोरं होती. गोक्वेकडच्या खोऱ्यातली ती मोठी, तांबूस, रसाळ बोरं, अर्धी वाळलेली, अर्धी प्रवासात आंबलेली, पोतंभर. रुंबीला माउनमध्ये दुसरं तिसरं काही नको होतं, फक्त ही बोरं हवी होती, आणि सीमेवर कुणी काढून घेतली तर काय, म्हणून अंबुयांनी तीन दिवस या कानाचं त्या कानाला कळू दिलं नव्हतं. त्यातली मूठभर आत्ता हत्तीच्या तोंडात चालली होती.

अंबुया उठल्या. एका हातात त्यांनी मखोसीच्या मोठ्या पातेल्याचं झाकण घेतलं, दुसऱ्या हातात लाकडी पळी. पुढं जे झालं ते फुंगायला नीट आठवत नाही. धाणधाण आवाज झाला एवढं आठवतं. आणि गोक्वेच्या मक्यात तीस वर्षं हत्तींशी भांडून तयार झालेला तो आवाज.

"मेल्या, पोटुश्या बाईचे डोहाळे खातोस? आई नाही का तुला? चल, नीघ इथनं. माझा सगळा मका खाल्लात दोन हजार आठ साली, तेव्हाही मी हेच सांगितलं होतं. मागं हो. मागं!"

हत्ती मागं झाला. हा तोच हत्ती होता असं नाही, पण त्याला बहुधा स्वतःच्याच सासुरवाडीची आठवण झाली असावी. त्यानं घाईघाईनं आणखी एक सोंडभर बोरं उचलली, चादरीचं टोक त्याच्या सुळ्यात अडकलं, आणि फुलाफुलांचा झेंडा फडकवत तो झाडीत दिसेनासा झाला.

पाहुण्यांनी आता खऱ्या टाळ्या वाजवल्या. फुंगाय उठायला गेला. इतका वेळ उकिडवं बसून त्याच्या दोन्ही पायांना मुंग्या आल्या होत्या. तो अर्धवट उठला, आणि तोंडावर, हात पसरून, सपशेल मातीत पडला. ते बघून हेंडरिका बाईंनी क्षणभर विचार केला आणि त्याही आडव्या झाल्या. त्यांच्या मागं एकेक करत दहा जण.

अंबुया फुंगायजवळ येऊन उभ्या राहिल्या. लग्नाला दोन वर्षं झाली होती. या दोन वर्षांत त्या त्याच्याशी "हं" पलीकडं, आणि आजच्या "बसायला सांग" पलीकडं, थेट काही बोलल्या नव्हत्या.

"ऊठ, मुकुवाशा."

त्याला उठता येईना. हात द्यायची तर रीत नाही. अंबुयांनी पळीचं टोक पुढं केलं. त्यानं पळी धरली, आणि त्या टोकाला लोंबकळत तो उभा राहिला.

रात्री मखोसी टपावरून उतरला तेव्हा त्यानं गालातून सात बिया काढून दाखवल्या. अंबुयांकडून रोज दोन मुठी बोरं, गप्प बसायच्या बोलीवर. फुंगायला त्याच्यावर चिडावंसंही वाटलं नाही. सगळं संपलं होतं. सासूबाईंना आपलं काम दाखवायला आणलं, आणि त्यांनी काय पाहिलं? हत्ती आला, जावई बसला, आणि त्यांनाच जावयाला वाचवावं लागलं. आता टोपीसुद्धा परत येईल असं त्यांना वाटणार नाही.

चौथ्या दिवशी माउन. रुंबीच्या अंगणात अंबुया खुर्चीवर बसल्या, रुंबी जोत्यावर बसून उरलीसुरली बोरं आशाळभूतपणे चोखत होती, फुंगाय चार हातांवर उकिडवा, आणि मधोमध मखोसी, गाल आता सपाट झालेला. फुंगायनं टाळ्या वाजवल्या. 

अंबुयांनीच सुरुवात केली. बोलल्या मखोसीशी, पण आवाज असा लावला की शेजारच्या अंगणातही निरोप पोचावा.

"त्याला सांग, पुढच्या महिन्यात शुवाय आणि पोर येतील. घराला हिरवा रंग दिलाय म्हणे, तो मला आवडत नाही, पण राहू दे."

फुंगायचा स्वतःच्या कानांवर विश्वास बसेना. त्यानं मखोसीला खूण केली, का ते विचार. मखोसीनं विचारलं.

"हत्ती डोक्यावर उभा होता," अंबुया म्हणाल्या, "तरी हा बसल्याशिवाय बोलला नाही. माझी परवानगी येईपर्यंत तोंड उघडलं नाही. असा माणूस माझ्या लेकीवर आवाज चढवायचा नाही. मला तेवढंच बघायचं होतं. बाकी गाईड म्हणून तो कशाच्याही कामाचा नाही, तेही त्याला सांग."

मखोसीनं तेही सांगितलं, जरा चवीनंच. फुंगायला काही म्हणजे काही वाटलं नाही. सात महिन्यांनी त्याच्या घराला माणसं मिळणार होती. त्यानं इतक्या टाळ्या वाजवल्या की रुंबी खायची थांबून बघायला लागली.

तेवढ्यात त्याच्या खिशातला फोन वाजला. मालक होता. मखोसीनं टपावरून काढलेले हत्तीचे फोटो हेंडरिका बाईंनी पाठवले होते, सोबत चार पानी पत्र. चीजचा त्यात उल्लेखही नव्हता. मालकानं ते फोटो लगेच पुढच्या तीन फेऱ्यांच्या पाहुण्यांना धाडले होते, आणि सगळ्यांचा एकच प्रश्न होता: त्या बाई असणार ना? पगार देऊ, खिडकीची जागा देऊ, मालक म्हणाला. तू फक्त विचारून बघ.

फुंगायनं सुटकेचा श्वास टाकला. विचारायला काय जातंय? अंबुया, आणि जनावरं बघत फिरणार? पैसे देऊन हत्ती बघणारांना त्या वेडे समजायच्या. त्यानं निश्चिंत मनानं मखोसीला निरोप सांगितला. मखोसीनं तो पोचवला. अंबुयांनी थोडा वेळ अंगणाबाहेरच्या रस्त्याकडं पाहिलं.

"हं," त्या म्हणाल्या.

या खेपेला मखोसीला तो हं बरोबर कळला.

आता शुवाय आणि पोर हिरव्या पत्र्याच्या घरात राहतात, आणि फुंगाय महिन्यातले बावीस दिवस रस्त्यावर असतो. चाकाआड जेवतो. सिंहांबद्दल काही सांगत नाही. कंपनीनं नवीन माहितीपत्रक छापलं, ते शुवायनं कौतुकानं भिंतीला चिकटवलंय. वर मोठ्या अक्षरांत "आमच्या अनुभवी मार्गदर्शक", आणि खाली झाकण उगारलेल्या अंबुया, समोर हत्ती, मागं टाळ्या वाजवणारे अकरा पाहुणे. पोर आता उभी राहायला लागली आहे. ती भिंतीला धरून चित्रापर्यंत जाते आणि आजीवर बोट ठेवते.

परवा तिनं चित्राच्या अगदी कोपऱ्यातल्या, कडेनं कापल्या गेलेल्या एका गोष्टीवर बोट ठेवलं आणि बापाकडं वळून पाहिलं. फुंगायनं वाकून नीट बघितलं.

त्याचा गुडघा होता.